चेहरा पडद्यावर, जात कात्रीखाली

लोणी देवकर हे भिगवण आणि इंदापूरच्या दरम्यान, पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. एका अंगाला उजनीचं पाणी आणि त्यापलीकडे करमाळा तालुका. दक्षिणेकडे नीरा ओलांडली की अकलूज. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी सिनेमाला जे नवे चेहरे मिळाले, त्यांतले बरेचसे याच टापूतले. जेऊरचे नागराज मंजुळे, केमचा सोमनाथ अवघडे, अकलूजची रिंकू राजगुरू ही नावं इथल्या पोरांना परकी नाहीत. बोली तीच, उसाची रानं तीच, एसटी स्टँडवरचा टाइमपासही तोच. त्यामुळे लोकप्रिय सिनेमा आणि गाणी खालच्या मानलेल्या जातींचं जगणं कसं दाखवतात आणि त्याचा तरुणांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न इथे परिसंवादापुरता उरत नाही. तो पारावर निघतो आणि बहुतेक वेळा एका वाक्यात मिटवलाही जातो: सिनेमानं पोरं बिघडवली. परिणाम होतो, हे कबूलच आहे. पण तो आपण भलत्या जागी शोधतो, असं माझं म्हणणं आहे. जी कलाकृती जातीचं नाव घेते तिच्यावर बिघडवल्याचा आळ येतो. जी त्या माणसांचा चेहरा, बोली आणि ठेका उचलते पण जात तेवढी गाळते, ती निर्धास्त फिरते. तरुणांचं जास्त नुकसान ही दुसरी करते.

हा वाद अमेरिकेत आपल्या आधी झडून गेला आहे. ओकलंड शहरात १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली. तिच्यावरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या थिएटरांत ‘सुपर फ्लाय’ जोरात चालत होता. नायक कृष्णवर्णीय, रुबाबदार, लांबलचक कॅडिलॅक फिरवणारा आणि धंद्यानं कोकेनविक्या. कृष्णवर्णीयांच्याच संघटना त्याच्यावर तुटून पडल्या. अशा सिनेमांच्या लाटेला ‘ब्लॅक्सप्लॉइटेशन’ हे हेटाळणीचं नाव पडलं ते तेव्हाच. गंमत अशी की या सिनेमाची कर्टिस मेफिल्ड यांची गाणी त्या धंद्याची धूळधाण सांगतात. कॅमेरा गाडीवर लट्टू आणि गाणं गाडीवाल्याला बजावतंय, असा तो प्रकार. तरुणांनी उचलला तो कोट, ती टोपी आणि ती ऐट. त्यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पडद्यावर जे मोठं करून दाखवलं तेच त्यांनी मोठं मानलं.

इथे कोणी म्हणेल की वर्ण आणि जात एक नव्हेत, अमेरिकेची फूटपट्टी इंदापूर-बारामतीला लावू नये. फरक आहेच, आणि नेमका तोच इथे कामाचा आहे. अमेरिकी दिग्दर्शकानं कृष्णवर्णीय नट उभा केला की त्याचा रंग लपत नाही. तो नायक असो की खलनायक, प्रेक्षकाला तो कोण ते कळतं. जात अशी कातडीवर लिहिलेली नसते. ती आडनावात असते, वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला आहे त्यात असते, मयताच्या वेळी कोण हलगी वाजवतं आणि मेलेलं जनावर कोण ओढतं यात असते. पटकथेतून एवढं काढून टाकलं की पडद्यावर उरतो एक गरीब, सावळा, चुणचुणीत मुलगा. तो सगळ्यांचा असतो आणि कुणाचाच नसतो. म्हणजे जी लपवाछपवी हॉलिवूडला जमलीच नसती ती आपल्याकडे एका आडनावाच्या गाळणीनं होते.

ही लपवाछपवी मराठी सिनेमानं पूर्वापार केली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ पँथरच्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये आला. दोन्ही तमाशापट. तमाशातल्या नाचणाऱ्या आणि ढोलकीवाले कुठल्या समाजांतून येतात हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. पडद्यावर त्याचा उच्चार नाही. ‘पिंजरा’त तर कलावंतिणीची कला हीच गुरुजींच्या अधःपाताचं कारण ठरते. गुरुजींचं काय झालं याची हळहळ महाराष्ट्रानं आजवर केली; त्या बाईला फडावर कोणी आणि कशासाठी उभं केलं, हे विचारायचं राहून गेलं. अपवाद होते. जब्बार पटेलांच्या ‘मुक्ता’त (१९९४) दलित तरुण नायक आहे आणि अमेरिकेहून आलेला कृष्णवर्णीय मित्रही आहे, म्हणजे ही तुलना आपल्या सिनेमालाही सुचली होती. पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतकेच.

१४ फेब्रुवारी २०१४ ला ‘फँड्री’ प्रदर्शित झाला आणि गाळलेलं सगळं एकदम पडद्यावर आलं. कैकाडी कुटुंब, डुकरं पकडायचं काम, शाळेतल्या सवर्ण मुलीवर जीव जडलेला जब्या. जत्रेतला प्रसंग पाहा. जब्या बेभान नाचतोय, कोणीतरी त्याला खांद्यावर घेतलंय, हलगीचा कडकडाट चाललाय. एवढ्यात बाप त्याला बाजूला ओढतो आणि त्याच्या डोक्यावर बत्ती येते. मघाशी नाचणारा मुलगा आता इतरांच्या नाचाला उजेड धरून उभा राहतो. या एका प्रसंगात मंजुळे यांनी लोकप्रिय संगीताचं आख्खं अर्थशास्त्र मांडलं आहे: ठेका कुणाचा, नाच कुणाचा आणि ओझं कुणाच्या डोक्यावर. पुढे पकडलेलं डुकर दांडीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते आणि भिंतीवर बाबासाहेबांचं रंगवलेलं चित्र. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. यात जातीबद्दल एकही भाषण नाही, तरी कुणाला जात विसरायची सोय नाही.

‘सैराट’नं (२९ एप्रिल २०१६) हेच काम लोकप्रियतेच्या ऐन मध्यावर उभं राहून केलं. शंभर कोटींचा पल्ला पहिल्यांदा गाठणारा मराठी सिनेमा म्हणून त्याची नोंद झाली. अजय-अतुल यांनी संगीताचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडला जाऊन सिम्फनी वाद्यवृंदाकडून करून घेतलं. सिनेमाची रचना मात्र लोकांनी पुरेशी पाहिली नाही. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. त्याच पूर्वार्धात कवितेच्या तासाला पाटलाचा पोरगा लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो आणि सरांनाच पाटलाच्या वाड्यावर जावं लागतं. हे गाण्यांच्या मधोमध घडतं, म्हणून नजरेतून निसटतं. उत्तरार्धात एकही गाणं नाही. अखेरीस तर आवाजच काढून घेतला आहे; रक्तानं माखलेली लहान मुलाची पावलं तेवढी उरतात. ज्यांनी आधी नाचवलं त्यांनीच ही शांतता प्रेक्षकाच्या पदरात घातली. मेफिल्डची गाणी सिनेमाला जे सांगत होती ते इथे गाण्यांच्या अभावानं सांगितलं आहे, आणि मला ते जास्त पक्कं वाटतं.

मग बाजारानं काय घेतलं? पूर्वार्ध. वरातीत ‘झिंगाट’ वाजलं, गॅदरिंगला वाजलं, गणपतीत वाजलं. ‘सैराट’वरून हिंदीत २०१८ मध्ये ‘धडक’ आला तो उदयपूरचे महाल घेऊन. गाण्याची चाल राहिली, नावही राहिलं आणि जात इतकी पातळ झाली की शेवटचा खून कुणी का केला हे नव्या प्रेक्षकाला नीट सांगता येऊ नये. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. जमीन बिल्डरला विकून उघड्यावर पडलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत शिरतो, ही त्याची गोष्ट. एमआयडीसी आणि महामार्गाच्या कडेला राहणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. कथा त्या वाटेचा शेवट स्पष्ट दाखवते. पण ‘आरारारा’ हे गाणं भाईच्या थाटाचं आहे, आणि मोबाइलच्या पडद्यावर गाणंच तेवढं पोचलं. ‘सुपर फ्लाय’मध्ये कॅमेरा भुलला होता आणि गाणं शुद्धीवर होतं, इथे कथा शुद्धीवर आणि गाणं भुललेलं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये बापाची विकलेली जमीन मावत नाही, वाढदिवसाची तलवार मावते.

याच्या उलट, ‘सैराट’ पाहून पोरी पळून जायला लागल्या, ही तक्रार २०१६ मध्ये गावोगाव झाली. तिला उत्तर द्यायला फार लांब जावं लागत नाही. जामखेड तालुक्यातल्या खर्डा इथे २८ एप्रिल २०१४ रोजी शाळेत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलला, एवढंच कारण पुढे आलं. २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. खून झाला तेव्हा ‘सैराट’ आलेलाही नव्हता. प्रेम करायला आणि प्रेमासाठी मारायला इथल्या कुणाला सिनेमाची वाट पाहावी लागली नाही. सिनेमानं घडत होतं ते दाखवलं. आरसा फोडण्याची ही घाई फक्त एका बाजूनंच का होते, हे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’नं (२०१५) फार थंडपणे उलगडलं. त्यात नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली. परिणामाचा सिद्धांत म्हणतात तो हाच, थेट फौजदारी रूपात. मग त्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा आत उतरण्याआधी झुरळं बाहेर येतात का ते बघायचा, कारण झुरळ जिवंत असेल तर आत हवा आहे. वास सोसायला दारू प्यायचा. सुरक्षेची साधनं मिळत नव्हती. गाण्याचा पत्ताच नाही. त्याच सिनेमात सरकारी वकील बाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयाची यथेच्छ टिंगल आहे, प्रेक्षागृह खदखदा हसतंय. त्या नाटकाचा तरुणांवर काय परिणाम होतो, हे न्यायालयात कुणी विचारत नाही.

गाण्यांच्या बाबतीत तर हा पक्षपात अधिक उघडा आहे. सत्यशोधक जलशांपासून भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापर्यंत, अण्णाभाऊ साठे आणि वामनदादा कर्डक यांच्यापासून संभाजी भगत यांच्यापर्यंत, महाराष्ट्रात गाणं हीच ज्यांची शाळा होती असा मोठा वर्ग आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून सत्तरच्या दशकात निघालेलं रॅप मुंबईत पोचलं तेव्हा ते परकं वाटलं नाही, याचं श्रेय या शाहिरीला द्यायला हवं. ‘गली बॉय’नं (२०१९) धारावीतलं रॅप देशभर नेलं खरं, पण त्यातली गरिबी पाहा, तिला वर्ग आहे, धर्म आहे, जातीचा प्रश्न जवळपास नाही. ‘स्वदेशी’ या गटानं प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलाचं आणि वारलींचं गाणं केलं, त्याला असा मोठा पडदा लाभला नाही. आणि २०२३ मध्ये सत्तांतरावर रॅप करणाऱ्या मराठी पोरांवर गुन्हे दाखल झाले. डीजेच्या भिंतीवर वाजणारं, शब्दच ऐकू न येणारं गाणं कानाला त्रास देतं एवढंच. शब्द ऐकू येणारं गाणं पोलीस ठाण्यापर्यंत जातं.

सेन्सॉरची कात्रीही त्याच जागी चालते. २०२५ मध्ये ‘फुले’ या चित्रपटातून जातींची नावं आणि पेशवाईचा उल्लेख काढायला लावला गेला, आणि जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला यायचा सिनेमा २५ एप्रिलला आला. जोतीराव ज्याच्याशी आयुष्यभर भांडले त्याचं नाव न घेता त्यांचं चरित्र सांगा, असा हा हट्ट. दलित पँथरवरच्या ‘चल हल्ला बोल’मधल्या नामदेव ढसाळांच्या कवितांवरही त्याच वर्षी आक्षेप घेतला गेला. कारण नेहमीचंच: भावना दुखावतील, तेढ वाढेल. पाठ्यपुस्तकात फुले, चौकात पुतळा, जयंतीला मिरवणूक. पडद्यावर मात्र त्यांच्या शत्रूचं नाव कापायचं. अशानं सोळा वर्षांच्या मुलाला फुले कोण होते हे कळतं, ते कशासाठी होते हे कळत नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो आतून येतो म्हणून जास्त गंभीर आहे. दलित-भटक्यांचं जगणं म्हणजे सदा अपमान, मार आणि मरण एवढंच दाखवायचं का? अशा चित्रांनी वस्तीतला मुलगा खचतो, आणि सवर्ण प्रेक्षक दोन आसवं गाळून मोकळा होतो. ‘कोर्ट’ आणि ‘फँड्री’ला हा प्रश्न काही अंशी लागू पडतो. पण जात दाखवली की दुःखच दाखवावं लागतं, हे गृहीतक चूक आहे. मंजुळे यांचाच ‘झुंड’ (२०२२) त्याचा पुरावा. नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेल्या या सिनेमात झोपडपट्टीतली पोरं फुटबॉल खेळतात, शिव्या देतात, आंबेडकर जयंतीला तुफान नाचतात. अमिताभ बच्चन यांच्यासारखा नट समोर असून कॅमेरा त्या पोरांवरून हटत नाही. इथे नाच आहे आणि नावही आहे. दोन्ही एकत्र चालतात. सिनेमा लांबला आहे, उत्तरार्धात सैलही झाला आहे, हे मान्य. तरी मराठी माणसानं हिंदीत केलेलं गेल्या दशकातलं सर्वांत धाडसी काम म्हणून मी त्याच्याकडेच बोट दाखवीन.

इंदापूर, बारामती, अकलूज, करमाळा या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत दरवर्षी गॅदरिंग होतं आणि ‘झिंगाट’वर स्टेज हादरतं. खुशाल हादरू द्या. पण त्याच महिन्यात सभागृहाचे दिवे मालवून ‘सैराट’चा उत्तरार्ध, ‘फँड्री’ आणि ‘कोर्ट’ पूर्ण दाखवा, एकही दृश्य पुढे न ढकलता. नंतर मुलांना बोलू द्या, आणि त्यांच्या बोलण्यात जातीचं नाव आलं तर प्राध्यापकांनी विषय बदलू नये.