माळी, सुतार आणि बोअरची शर्यत

मूल घडवायचे की वाढू द्यायचे, हा प्रश्न शिक्षकांना नवा नाही. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गॉपनिक यांनी ‘द गार्डनर अँड द कार्पेंटर’ या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तो एका उपमेतून मांडला आहे. सुताराच्या मनात खुर्चीचा आराखडा आधीच तयार असतो आणि त्याबरहुकूम तो लाकूड तासतो. माळी माती, पाणी व ऊन यांची सोय करतो. फांदी कोणत्या बाजूला फुटावी हे तो ठरवीत नाही. आजचे पालक सुतार होऊन बसले आहेत व त्यामुळे स्वतः चिंतेत असतात आणि मुलांनाही चिंतेत टाकतात, असे लेखिकेचे म्हणणे आहे. धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकाला हे म्हणणे कितपत उपयोगी पडेल, ते आपण तपासून पाहू.

पुस्तकाची शास्त्रीय बाजू भक्कम आहे. पालकांनी ठरवून केलेल्या बारीकसारीक उपायांचा मोठेपणीच्या स्वभावावर खात्रीने सांगता येईल असा परिणाम झाल्याचा पुरावा फारसा नाही, हे लेखिका स्पष्टपणे सांगतात. माणसाचे बालपण इतर प्राण्यांच्या मानाने लांबलचक का, याचे त्यांचे उत्तरही पटण्यासारखे आहे. हा काळ धडपडण्यासाठी, चुकतमाकत शोधण्यासाठी मिळालेला आहे. या विचाराला बळ देणारा एक प्रयोग एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. अनेक नळ्या जोडलेले एक खेळणे त्यांनी लहान मुलांपुढे ठेवले. त्यात आवाज, दिवा, सूर, आरसा अशा गमती दडवलेल्या होत्या. काही मुलांना ‘हे खेळणे असे चालते’ म्हणून एकच गंमत शिकवली. इतर काही मुलांसमोर तीच गंमत सहज, चुकून घडल्यासारखी दाखवली. शिकवलेली मुले तेवढीच कृती करीत राहिली. दुसऱ्या गटातील मुलांनी अधिक वेळ खटपट केली व अधिक गमती शोधल्या. बाईंनी एकच दाखवले, त्या अर्थी आणखी काही नसणार, असा तर्क शिकवलेल्या मुलांनी केला असावा. तर्क म्हणून तो चोख आहे, आणि शिक्षकाला विचारात पाडणाराही.

पुस्तक थिटे पडते ते पालकांच्या चिंतेचे मूळ सांगताना. १९७० नंतर अमेरिकेत मूल वाढवणे हे एक कौशल्याचे ‘काम’ मानले जाऊ लागले, त्यातून ही चिंता आली, असा पुस्तकाचा रोख आहे. परंडा किंवा भूम तालुक्यातील पालकाने बालसंगोपनाचे एकही पुस्तक वाचलेले नसते, तरी तो तितकाच धास्तावलेला असतो. जमीन थोडी, तीही पावसाच्या भरवशावर. २०१२ आणि २०१५ चे दुष्काळ त्याने सोसलेले आहेत. शेतीतून बाहेर पडायचा रस्ता त्याला एकच दिसतो, आणि तो लातूरला जातो. १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातूनच वेगळा झालेला हा शेजारी जिल्हा पुढे ‘लातूर पॅटर्न’मुळे गाजला. दहावी झाली की मुलगा तिकडे. कित्येकदा आईही खोली भाड्याने घेऊन त्याच्यासोबत राहते आणि बाप गावी एकटा राहून फीचे पैसे जुळवतो. या बापाला ‘माळी व्हा’ असे सांगणे सोपे आहे, पण बागेला पाणी कुठून आणायचे, हे त्याला कोण सांगणार?

आमच्या मते येथे सुतारापेक्षा बोअरची उपमा अधिक लागू पडते. शेजाऱ्याने चारशे फुटांवर बोअर घेतले की आपण सहाशेवर जातो. मग तो आठशेवर. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो, पण जमिनीखालचे पाणी वाढत नाही, कर्ज मात्र वाढते. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेला देशभरात २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे वीस मुलांमागे जेमतेम एक जागा. विसांपैकी प्रत्येकाने रोज दोन तास अधिक अभ्यास केला, तरी जागा एकच राहते. मथायस डोप्के आणि फॅब्रिझिओ झिलिबोट्टी या अर्थशास्त्रज्ञांनी ‘लव्ह, मनी अँड पेरेंटिंग’ (२०१९) या पुस्तकात हाच धागा पकडला आहे. जेथे उत्पन्नातील तफावत मोठी आणि शिक्षणावर पुढचे बरेच काही अवलंबून, तेथे पालक मुलांवर अधिक दडपण आणतात. अमेरिका व चीन ही त्यांची उदाहरणे. स्वीडनसारख्या देशात तफावत कमी, म्हणून तेथील पालक सैल असतात. गॉपनिक यांच्या पुस्तकासोबत हे पुस्तक वाचले तर चित्र पुरे होते.

मग शिक्षकाच्या हाती काय उरते? जागा वाढवणे किंवा पाऊस पाडणे त्याच्या हाती नाही, पण शर्यत कोणत्या वयात सुरू व्हावी, यावर त्याच्या शब्दाला वजन आहे. तुळजापूरच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीत प्रवेश मिळावा म्हणून मूल पाचवीत असतानाच परीक्षा द्यावी लागते, आणि तिसरी-चौथीतल्या मुलालाही क्लास लावावा का, असे पालक विचारतात. अशा वेळी पालकसभेत वरचे वीसास एकचे गणित फळ्यावर मांडावे. पालकाला दोष न देता मांडले तर तो ऐकून घेतो. आणि वर्गात चुंबक किंवा भिंग हाती देताना सगळे गुणधर्म आधीच सांगून टाकू नयेत. पाच मिनिटे गप्प राहावे. जे मुलांना सापडणार नाही, ते नंतर सांगता येतेच.

गॉपनिक यांचे पुस्तक इंग्रजीत आहे, मात्र भाषा सोपी व नातवाच्या सहवासातील प्रसंगांमुळे रंजक आहे. मुले कशी शिकतात हे समजून घेण्यासाठी ते जरूर वाचावे. पालक का घाबरतात हे समजून घ्यायचे असेल, तर वर्गातल्या मुलांच्या घरी एकदा जाऊन यावे.