चादरीखालचा भूप

आमच्या साडूभाऊंनी डॅक घेतला. डॅक म्हणजे आकड्यांचे सूर करणारी डबी. किंमत माझ्या तीन पगारांएवढी. "जुन्या डबीत तंबोरा दिसतच नव्हता हो!" म्हणत त्यांनी किशोरीताईंचा भूप लावला. मला तंबोरा दोन्हींत दिसला नाही. ऐकू मात्र दोन्हींत आला.

आता आम्ही पडलो कॉमर्सवाले. रोजकीर्द जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही खोड. मोजमापं पाहिली, तर दोन्हींची खरखर सुरांच्या शंभर डेसिबल खाली! मग मीटर लावून आवाज सारखा केला (जरा मोठं वाजलं की तेच गोड वाटतं), डब्यांवर चादर टाकली नि मेहुणीबाईंना नाणं उडवून डबी बदलायला बसवलं. वीस फेऱ्या. साडूभाऊ दहांत बरोबर.

अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी भारी रेकॉर्डिंग एकदा थेट, एकदा सीडीच्या १६ बिटांतून गाळून ऐकवलं होतं. २००७ साली छापलेला हिशेब : ५५४ फेऱ्या, २७६ बरोबर. नाणं तरी याहून वेगळं काय करतं? डॅक मुळातच टाकाऊ असला तर कळतं, नाही असं नाही.

साडूभाऊंनी चादर चाचपून पाहिली.

"जाड आहे," ते म्हणाले.