तिकीट खिडकी कोणाची? : मैफिलींचा बाजार आणि स्पर्धा कायदा

मंडळी, मागे बसलेल्यांनी थोडं पुढे सरका, पंख्याचा आवाज फार आहे. हुडकेश्वरात हा विषय घ्यायचा म्हटलं तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, ‘काहून बाप्पा, इथं कोल्डप्ले कधी आलं होतं?’ नव्हतंच आलं. पण 22 सप्टेंबर 2024 च्या दुपारी इथल्याही घराघरांत पोरं मोबाईल धरून बसली होती. नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जानेवारी 2025 मध्ये तीन कार्यक्रम, तिकिटं अडीच हजारापासून पस्तीस हजारापर्यंत. बुकमायशोवर विक्री सुरू झाली आणि ऑनलाइन रांगेतल्या माणसांची संख्या लाखांत मोजावी लागली. त्यानंतर तीच तिकिटं परदेशी पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावात दिसू लागली. त्या संकेतस्थळांशी आपला संबंध नाही, असं बुकमायशोने सांगितलं. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखांना समन्स काढलं, ईडीने पाच शहरांत छापे घातले. जनहित याचिका झाली. हे काम कायदेमंडळाचं आणि सरकारचं आहे, असं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ती जानेवारी 2025 मध्ये फेटाळली.

या सगळ्या गदारोळावर आमचा पहिला आक्षेप असा की चर्चा चुकीच्या माणसाभोवती फिरली. ती फिरली ब्लॅकवाल्याभोवती. आमच्या लहानपणी टॉकीजसमोर ‘पाच का दस’ म्हणत फिरणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो का असतो? छापील किमतीपेक्षा जास्त पैसे द्यायला माणसं तयार असतात आणि खुर्च्या मोजक्या असतात म्हणून. उद्या तिकीट विकणाऱ्या दहा कंपन्या झाल्या तरी तीन रात्रींच्या खुर्च्या तेवढ्याच राहणार. म्हणजे स्पर्धा वाढवून ब्लॅक थांबत नाही. तो फसवणुकीचा, करचुकवेगिरीचा प्रश्न आहे, त्याला वेगळे कायदे लागतात. स्पर्धा कायद्याचा प्रश्न निराळा आहे: खिडकी एकच का उरली, आणि ती एकच राहावी म्हणून कोणी कोणाशी काय करार केला?

हा प्रश्न आपल्याकडे विचारला गेला नाही असं नाही, पण तो सिनेमाच्या तिकिटांपुरता. हैदराबादच्या विजय गोपाल यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे बुकमायशोची मालक कंपनी बिगट्री एंटरटेनमेंटविरुद्ध तक्रार केली, प्रकरण क्रमांक 46, साल 2021. चित्रपटगृहांना बिनव्याजी अनामत द्यायची आणि बदल्यात तिकीटविक्रीचा एकट्याचा हक्क घ्यायचा, असा आरोप. जून 2022 मध्ये आयोगाने प्रथमदर्शनी दखल घेऊन महासंचालकांना तपासाचा आदेश दिला.

आता ही बिनव्याजी अनामत म्हणजे काय, हे हुडकेश्वरात समजवायची गरज नाही. कळमन्याच्या बाजारात शेतकरी अडत्याकडून उचल घेतो. त्यावर व्याज नसलं तरी माल मात्र त्याच्याच दुकानात उतरवावा लागतो. शेजारचा अडत्या दोन रुपये जास्त भाव द्यायला तयार असेल, तरी उचल फेडल्याशिवाय त्याच्याकडे जाता येत नाही. आणि नवा अडत्या? त्याला बाजारात उभं राहायचं तर आधी सगळ्यांची उचल फेडण्याइतका पैसा लागतो. खिडकीचंही तसंच. तिकीट विकणं सोपं आहे, ॲप कोणीही बनवतो. अवघड आहे ते आगाऊ पैसा ओतणं.

आयोगाने हे नेमकं हेरलं, ही त्या आदेशाची जमेची बाजू. पण बाजाराची व्याख्या ‘सिनेमा तिकिटांची ऑनलाइन मध्यस्थी’ अशी केल्यामुळे मैफिली बाहेरच राहिल्या. आमच्या मते इथेच खरा घोळ आहे, कारण मैफिलीत खिडकीचा अर्थच बदलतो.

कसा बदलतो ते महाराष्ट्राच्याच एका निकालात बघा. राज्य सरकारने 2013 आणि 2014 मध्ये आदेश काढून ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क घ्यायला चित्रपटगृहांना मनाई केली होती. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. कायद्याने दिलेला अधिकार नसताना सरकारने कुणाच्या व्यवसायाच्या स्वातंत्र्यात हात घालू नये, हे तत्त्व आम्हालाही मान्य आहे. पण निकालातला एक धागा असा, की ज्याला सोय हवी तो शुल्क भरेल, नको तो थिएटरवर जाऊन तिकीट काढेल. सिनेमाला हे लागू पडतं. मैफिलीला? नव्या मुंबईच्या त्या तिकिटासाठी स्टेडियमची खिडकी कुठे होती? जिथे दुसरा रस्ताच नाही तिथे ‘सोय’ कसली? ते शुल्क सोयीचं नाही, वाटेवरच्या नाक्याचं आहे. न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यासमोर सिनेमाच होता. दोष आहे तो हा निकाल मैफिलींपर्यंत ताणणाऱ्यांचा.

मग लोक अमेरिकेकडे बोट दाखवतात. तिथे 1994 मध्ये पर्ल जॅम या बँडने तिकीटमास्टरविरुद्ध न्याय खात्याकडे तक्रार केली होती. पुढच्या वर्षी चौकशी गुंडाळली गेली. 2010 मध्ये तिकीटमास्टर आणि लाइव्ह नेशन यांचं विलीनीकरण अटी घालून मंजूर झालं. नोव्हेंबर 2022 मध्ये टेलर स्विफ्टच्या तिकिटांचा बोजवारा उडाला आणि 23 मे 2024 ला न्याय खात्याने व अनेक राज्यांनी मिळून खटला भरला, कंपनी तोडा म्हणून. ही क्रमवारी लक्षात ठेवा. आधी परवानगी, चौदा वर्षांनी पश्चात्ताप.

पण तिथला उपाय इथे चिकटवू नका. तिथे कुलूप आहे ते मोठ्या सभागृहांना, वर्षानुवर्षांच्या एकहाती करारांनी लावलेलं. आपल्याकडे तशी सभागृहं आहेत कुठे? आपल्या मोठ्या मैफिली क्रिकेटच्या मैदानात नाहीतर भाड्याच्या पटांगणात होतात. आपलं कुलूप आयोजकाच्या हातात आहे. कोल्डप्ले आणलं बुकमायशो लाइव्हने, तिकिटं विकली बुकमायशोने. झोमॅटोने ऑगस्ट 2024 मध्ये पेटीएमचा तिकीट व्यवसाय 2,048 कोटींना घ्यायचं ठरवलं. दुसरा खेळाडूही धनदांडगाच.

आयोजकानेच तिकीट विकणं हे मुळात पाप नाही, हेही सांगितलं पाहिजे. प्रशांत दामले स्वतः नाट्यनिर्माते, त्यांनी ‘तिकिटालय’ नावाचं ॲप काढलं. त्याने कुणाचा गळा आवळला जात नाही, कारण नाटकाला अजून नाट्यगृहाची खिडकी आहे. आपल्या रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात प्रयोग लागला तर निर्मात्याला चार ठिकाणी तिकीट ठेवता येतं.

अडचण सुरू होते ती तिसऱ्या माणसापाशी. समजा नागपुरातल्या एका लहान आयोजकाला जामठ्याकडच्या एखाद्या लॉनवर गझलेचा कार्यक्रम करायचा आहे. त्याला तिकिटं ठेवावी लागतात ती अशा दुकानात, ज्याचा मालक स्वतःही कार्यक्रम भरवतो. कोणत्या भागातून किती तिकिटं गेली, किती किमतीला विक्री अडकली, कोणी शेवटच्या दिवशी घेतलं, हे सगळं आधी दुकानदाराला कळतं. आपल्या प्रतिस्पर्ध्याकडेच वही लिहायला द्यावी तसं हे आहे. प्रेक्षकाच्या शुल्कापेक्षा आम्हाला याची काळजी जास्त वाटते, कारण याचा फटका बसतो तेव्हा कुणी रांगेत उभं नसतं आणि बातमीही होत नाही. तो आयोजक पुढच्या वर्षी कार्यक्रम करत नाही, एवढंच.

कायद्यात यावर काय आहे? स्पर्धा कायदा 2002, कलम 4 म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर. वर्चस्व असणं गुन्हा नाही, गैरवापर आहे. पण आता दोन बडे झाले की दोघंही म्हणणार, मी कुठे एकटा आहे? आणि दोघांचं मिळून वर्चस्व ही कल्पना आपला कायदा मानत नाही. म्हणून आम्हाला कलम 3(4) चा रस्ता बरा वाटतो. तिथे वर्चस्व सिद्ध करावं लागत नाही. एकहाती कराराने स्पर्धेवर लक्षणीय वाईट परिणाम होतो, एवढं दाखवायचं. तेही सोपं नाही राजेहो, कारण करार बंद पाकिटात असतात. ते पाकीट फोडण्याचा अधिकार महासंचालकांना आहे.

मघाशी पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, की आपल्या खासदार महोत्सवाला तर तिकीटच नसतं, मग आपल्याला काय? प्रश्न चांगला आहे. फुकट कार्यक्रमाशी तिकिटाचा कार्यक्रम भिडला की त्या लहान आयोजकाचं काय होतं, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्यात आम्हाला आजच्यापेक्षा जास्त माणसांचा राग ओढवून घ्यावा लागेल. पुढच्या वेळी घेऊ. तक्रार कोण करू शकतं, असं ज्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं त्यांच्यासाठी: कोणीही. स्वतःचं नुकसान झालेलं असायलाच हवं असं नाही. आयोगाच्या भाषेत तिला ‘माहिती’ म्हणतात, ठरलेलं शुल्क भरून ती दाखल करता येते.