परेरांची ढाल

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका घरी नव्या वास्तूला आशीर्वाद देण्यासाठी जाण्याचा योग आला. दिवाणखान्यात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी सोनेरी चौकटीत एक चित्र लावले होते. तांबडी ढाल, तीवर रुपेरी क्रूस, वर शिरस्त्राण, खाली फीत आणि फितीवर अक्षरे : 'परेरा'. नोकरीनिमित्त लिस्बनला असलेल्या नातवाने ते तिथल्या दुकानातून आणले होते. चहा घेताघेता त्याने विचारले, "फादर, आजोबांच्या थडग्याच्या दगडावर हे कोरून घेतले तर चालेल ना?" आम्ही तेवढ्यापुरते 'पाहू' म्हणालो. त्या पाहण्यातून हे टिपण झाले आहे.

चित्राकडे आधी चित्र म्हणूनच पाहावे. पोर्तुगीज भाषेत 'परेरा' म्हणजे नासपतीचे झाड. पोर्तुगीज कुलचिन्हांत नावावर श्लेष करण्याची हौस उदंड आहे. मचाडो म्हणजे कुऱ्हाड, म्हणून त्यांच्या तांबड्या ढालीवर पाच रुपेरी कुऱ्हाडी. कोरिया म्हणजे चामडी पट्टा, म्हणून तिथे एकमेकांत विणलेले पट्टे. कोएल्यो म्हणजे ससा. त्यांच्या ढालीच्या निळ्या किनारीवर ससे बसले आहेत. कोस्टांच्या ढालीवर तर सहा बरगड्या! सेमिनरीत असताना आम्ही मोठ्या उत्सुकतेने एका जुन्या ग्रंथात स्वतःच्या आडनावाची ढाल शोधली आणि त्या बरगड्या पाहून आम्हांला खाटकाच्या दुकानाची आठवण झाली, हे येथे कबूल करून टाकतो. तरीही आम्ही ते चित्र वहीत उतरवून घेतलेच.

परेरांनी मात्र हा सोपा श्लेष टाळला. त्यांच्या ढालीवर झाड नाही, क्रूस आहे. त्याच्या चारही भुजांची टोके लिलीच्या फुलासारखी उमललेली आहेत आणि क्रूस आतून पोकळ आहे. रुपेरी रेषांच्या मधून मागचे तांबडे क्षेत्र दिसत राहते. धातूवर धातू ठेवू नये आणि रंगावर रंग ठेवू नये, हा या शास्त्राचा मूळ नियम. रणांगणावर दुरून ओळख पटावी म्हणून तो केलेला. फिगेरेदो घराण्याने तांबड्यावर हिरवी अंजिराची पाने काढून तो मोडला आणि पानांना सोन्याची कड देऊन कसाबसा सावरला. परेरांच्या ढालीत अशी कसरत नाही. दोनच छटा, एकच आकृती. आमच्या मते संयमाच्या दृष्टीने पोर्तुगालमधील मोजक्या उत्तम ढालींपैकी ही एक आहे. तिच्याही पुढे गेले ते मेनेझिस. त्यांची ढाल निव्वळ सोन्याची, तीवर काहीच नाही.

आता चौकटीतील छापील प्रत. तिच्या चित्रकाराने क्रूसाची पोकळी चंदेरी रंगाने भरून टाकली आहे आणि उठाव यावा म्हणून कडेने छाया दिली आहे. ही चूक किरकोळ नव्हे. या शास्त्रात रेखाटनाला मोकळीक असते, पण शब्दांत केलेले वर्णन अचूक पाळावे लागते. क्रूस जाड काढा, बारीक काढा, लिली कशीही फुलवा. मात्र 'पोकळ' म्हटले की पोकळ. ती पोकळी भरली, तर उरतो तो फक्त एक शोभिवंत क्रूस. परेरांची ढाल उरत नाही.

याहून मोठा दोष त्या फितीवरील अक्षरांत आहे. ढाल आडनावाची नसतेच. शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला योद्धा कोण, हे कळावे म्हणून तिचा जन्म झाला. घराण्याचा प्रमुख तेवढा साधी ढाल मिरवी. धाकट्या पात्यांनी तीत एखादी वेगळी खूण घालायची. राजा मानुएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी यासंबंधी कडक नियम केले आणि आपली नसलेली ढाल मिरवणे हा गुन्हा ठरवला. सिंत्रा येथील राजवाड्यात त्याने एक दालन सजवले. छताच्या मध्यभागी राजाची ढाल, भोवती त्याच्या मुलांच्या, आणि त्याखाली बहात्तर घराण्यांच्या ढाली एकेका हरणाच्या गळ्यात. त्यांत परेरांचीही आहे. ते छत वैभवशाली खरेच, पण ते राजाच्या मर्जीचे छत आहे. राजहत्येच्या कटाच्या आरोपावरून 1759 साली ताव्होरा घराण्यातील मंडळींना देहदंड झाला, तेव्हा या छतावरून त्यांची ढालही पुसून टाकण्यात आली.

असे हे भेद सांगणारे शास्त्र. दुकानातले चित्र मात्र जगातील यच्चयावत परेरांना एकाच ढालीमागे उभे करते. ज्या कामासाठी ढाल निर्माण झाली, नेमके त्याच्या उलट.

चौकटीच्या मागे एक छापील कागद चिकटवलेला होता. त्यात 1385 च्या आल्जुबारोता येथील लढाईचा वीर नुनो आल्वारिश परेरा याची थोरवी सांगून सर्व परेरांना त्याचे वंशज ठरवले आहे. नुनोचे एकच अपत्य जगले, ती कन्या बेआत्रीश. तिचा वंश ब्रागांझा या नावाने वाढला. म्हणजे ज्याच्या नावाने हा डौल, त्याच्याकडून परेरा हे नाव पुढे आलेच नाही! स्वतः नुनोने 1423 साली सारे सोडून लिस्बनमध्ये आपणच बांधलेल्या कार्मेल मठात साध्या बंधूची वस्त्रे घेतली. 2009 साली ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून गौरवले. त्या कागदावर मठाचा उल्लेख नाही. तलवारीचा आहे.

आमच्याकडे हे नाव कसे आले, हे सर्वांना ठाऊक आहे. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 साली मराठ्यांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव आमच्या शेतकऱ्या-कोळ्यांना मिळाले. नाव मिळाले, ढाल नाही. गोव्यातील काही घराण्यांना पुढे राजपत्राने स्वतःच्या ढाली मिळाल्या. त्यांची गोष्ट वेगळी. नाव मात्र पिढ्यानुपिढ्या वापरून आम्ही आपले केले आहे, आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

त्या मुलाला हसावे असे आम्हांला वाटले नाही. परक्या शहरात दुकानांच्या पाट्यांवर आपले आडनाव पाहून त्याला प्रथमच तिथे ओळखीचे वाटले, असे तो म्हणाला. हे वाटणे खोटे नाही. पण त्याचे आजोबा त्या ढालीमागे कुठे दिसणार? आमच्या गावांत अर्धा आळीभर परेरा असले की घराला हाकेचे निराळे नाव पडते. त्याच्या आजोबांना सारा गाव 'रहाटवाले' म्हणे. बावखलावरचा त्यांचा रहाट बंद पडून कित्येक वर्षे झाली, पण नाव टिकले. अनेक परेरांतून एक परेरा ओळखू यावा, हे ढालीचे काम या नावाने बिनबोभाट केले आहे.

आम्ही नातवाला पत्र लिहून हे सर्व कळवले. क्रूस हवा तर साधा कोरावा, आणि त्याखाली रहाटाचे चाक काढता येईल, असेही सुचवले. त्याचे उत्तर आले : आजीला चाक पसंत आहे, वडिलांना ढालच हवी आहे. दगड अजून कोराच आहे.