पूज्यभाव आणि बुद्धिविरोध

बुद्धिविरोधाची आपल्याकडील चर्चा बहुधा निरक्षरता आणि बाजारू अभिरुची या दोन कारणांपाशी थांबते. पूज्यभाव हे तिसरे कारण सहसा ध्यानात येत नाही. कारंजा लाड येथील जैन मंदिरांच्या भांडारांनी अपभ्रंश हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपली, हे श्रद्धेचे ऋणच होय. परंतु ग्रंथ जपणे आणि वाचणे या भिन्न क्रिया आहेत. मूडबिद्रीच्या 'धवला'च्या ताडपत्रांचे भाविकांना दीर्घकाळ केवळ दर्शन घडे. डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून 'षट्खंडागम' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा गृहस्थाला सिद्धांतग्रंथाच्या अध्ययनाचा अधिकार आहे काय, असा वाद उपस्थित झाला. वाद मजकुराच्या सत्यतेचा नव्हता. वाचकाच्या पात्रतेचा होता.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेला हल्लाही याच जातीचा. आक्षेपार्ह ठरलेले पुस्तक प्रकाशकाने आधीच मागे घेतले होते. मोडतोड झाली ती वाचनाच्या जागेची. ग्रंथ मूर्ती झाला की चिकित्सा हा मूर्तिभंग ठरतो, आणि बुद्धिविरोधाला भक्तीची प्रतिष्ठा लाभते. त्याच्या चिवटपणाचे रहस्य येथे आहे.

तथापि, १९३१ साली प. ल. वैद्यसंपादित 'जसहरचरिउ' ज्या कारंजा ग्रंथमालेत निघाले, तिला अंबादास चवरे या श्रावकाचे नाव आहे. भांडाराचे दार श्रद्धेनेच उघडले. म्हणून बुद्धिवाद्यांनी श्रद्धेशी केवळ भांडण मांडणे अपुरे आहे. तिच्यातील वाचनाची परंपरा ओळखणे अधिक निकडीचे आहे.