संजयाला निकाल ठाऊक होता : धावत्या समालोचनाविषयी

मंडळी, धावत्या समालोचनाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आपला पहिला समालोचक संजय." आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. निवृत्तीनंतर भीष्मपर्व पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा आमची चूक आमच्या लक्षात आली. व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी दिली, हे खरं. पण तो रणांगणावरून धृतराष्ट्राकडे येतो तो भीष्म पडल्याची बातमी घेऊनच. मग राजा विचारतो आणि मागचं सगळं, अगदी गीतेसकट, सांगितलं जातं. म्हणजे निकाल आधी, हकीकत नंतर. याला वृत्तांत म्हणा. समालोचन नव्हे.

समालोचकाची पहिली अट अशी की, पुढं काय होणार हे त्याला ठाऊक नसतं. वाक्य सुरू करताना ते कुठं संपणार, हेही ठाऊक नसतं. दुसरं असं की, मराठीत समीक्षेलाही आपण समालोचन म्हणतो. 'लोच्' म्हणजे पाहणं. नीट पाहणं, हाच दोन्हीकडचा अर्थ. म्हणून समीक्षेची कसोटी या कामालाही लावायला हरकत नाही.

मराठीत क्रिकेटचं समालोचन रुजवलं ते बाळ ज. पंडितांनी. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, क्रिकेटवर भरपूर लिहिलेले. २०१५ साली ते गेले. त्या काळच्या समालोचकाचा श्रोता म्हणजे खराखुरा धृतराष्ट्र. आमच्यासारख्या कोरडवाहू भागातल्या पोरांनी कातडी चेंडू हातात धरलेला नव्हता, मग स्टेडियम कुठलं? तरी रेडिओभोवती बसलं की मैदान दिसायचं. कारण चांगला समालोचक आधी क्षेत्ररक्षण लावून द्यायचा, कोण कुठं उभा, वारं कुठून. आणि मग चेंडू टाकायचा. आधी जागा, मग घटना.

आता कुस्तीचा निवेदक घ्या. इथं कोडं वेगळं आहे. समोर हजारो माणसं डोळ्यांनी कुस्ती बघतायत. मग बोलायचं कशाला? आम्हाला याचं उत्तर न्यायदर्शनात सापडतं. नैयायिक प्रत्यक्षाचे दोन प्रकार मानतात. निर्विकल्पक, म्हणजे काहीतरी दिसलं पण त्याला नाव नाही, आणि सविकल्पक, म्हणजे हे अमुक आहे असं ओळखून दिसलं. आखाड्यात दोन अंगं एकमेकांत गुंततात, धुरळा उडतो आणि एकजण खाली येतो. निवेदक म्हणतो, "ढाक!" किंवा "कलाजंग!" आणि गर्दीला आपण काय पाहिलं ते कळतं. पुढच्या वेळी पोरगं स्वतःच ओरडतं. प्रेक्षक असा घडतो.

हे ओळखणं घरबसल्या येत नाही. चैत्रापासून जत्रांचा हंगाम. आज या गावची यात्रा, उद्या त्या गावची. एसटीनं नाहीतर कुणाच्या गाडीवर जायचं, कुस्त्या दुपारी असल्या तरी सकाळीच पोचायचं, पैलवानांत बसून वहीत टिपायचं, नाव, गाव, तालीम, वस्ताद कोण, मागच्या खेपेला कुणाशी बरोबरीत सुटली. कोथळीच्या शंकर पुजारींचं निवेदन ऐकलेल्यांना विचारा. पैलवानाबरोबर त्याच्या तालमीचा इतिहास आखाड्यात उतरायचा. ती फिरस्ती म्हणजेच त्या निवेदकांचा अभ्यास.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या धाराशिवात महाराष्ट्र केसरी झाली, शिवराज राक्षेंनी हर्षवर्धन सदगीरांना हरवून गदा घेतली. ती गादीवरची कुस्ती, गुणांची. तिथं डावाबरोबर गुण का मिळाला, हेही सांगावं लागतं. मातीतला 'चितपट' सगळ्यांना दिसतो, गुण समजावून द्यावा लागतो. काम वाढलंय, मंडळी.

आता टीका. आमच्या भागातल्या एका जत्रेत आम्ही बसलो होतो. दोन तरण्या पोरांची काटाजोड रंगली होती. तेवढ्यात पाहुणे आले. निवेदकानं कुस्ती सोडली आणि स्वागत सुरू केलं, नाव, पद, उपकार. पदं संपेपर्यंत इकडं पोरगं जिंकून उभं होतं. कोणता डाव लागला, कुणी सांगितलंच नाही. पोरगं हात वर करून माईककडं बघत राहिलं. वर्षभराची मेहनत, आणि तिला नाव मिळालं नाही. संध्याकाळी चहाला आम्ही निवेदकाला जरा टोचलंच. तो म्हणाला, "सर, मानधनाचं पाकीट त्यांच्याच हातून घ्यायचं असतंय." आम्ही गप्प झालो. नोकरीत असताना व्यासपीठावरच्यांची लांबलचक ओळख करून देत वक्त्याचा वेळ आम्हीही खाल्लेला आहे.

दुसरी टीका शहरी समालोचनावर. २०२३ साली जिओसिनेमावर आयपीएल मराठीत ऐकू यायला लागली, याचा आम्हाला आनंदच आहे. पण समालोचक मैदानाऐवजी स्टुडिओत पडद्याकडं बघत बसला, की आपल्याला दिसतं त्याहून जास्त त्यालाही दिसत नाही. मग ती उणीव कोट्यांनी भरली जाते. क्षणभरही शांतता नाही! पंच बोट वर करतो की नाही, त्या क्षणी गप्प राहणं हेसुद्धा समालोचनच असतं.

आणि खोखो? सारिका काळेंना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तो याच जिल्ह्याला मिळाला असं आम्ही मानतो. पण हा खेळ इतका चपळ की वाक्य पुरं होण्याआधी खो बसलेला असतो. त्याला तोकडी, क्रियापदाशिवायची मराठी लागेल. ती घडवायला कुणीतरी मैदानामैदानांवर हिंडलं पाहिजे. समोर बसलेल्या तरुण मंडळींनी हे मनावर घ्यावं.

यात्रा कमिट्यांना आमची एकच विनंती. पाहुण्यांच्या स्वागताला दुसरा माणूस ठेवा, आणि तेही दोन कुस्त्यांच्या मधे करा. कुस्ती लागली की माईक निवेदकाचा, आणि त्याचं पाकीट सकाळीच, कार्यक्रमाआधी त्याच्या हातात द्या. थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.