सोवळे सुटल्यानंतर

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. टिळक दांपत्य प्रोटेस्टंट. तरी नगरशी जडलेली ही आत्मकथा आम्ही आपलीच मानतो. सोवळे गळून पडण्याची तिच्यातील हकिकत अजोड आहे. पण ती सोवळे पाळणारीची. ज्यांचा विटाळ मानला गेला, त्यांची ख्रिस्ती आत्मकथा आमच्या कपाटात शोधावी लागते.

ही उणीव केवळ वाङ्मयीन नव्हे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींबाहेर राहिले. १९५६ साली शीख, १९९० साली बौद्ध आत आले. बौद्ध बांधवांनी विटाळाचे दुःख साहित्यातही मांडले, मोर्च्यातही. तिकडे हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर कॅथलिक रस्त्यावर उतरले. विहिरी नि वाड्यांचे नाव घेण्यात लाज कसली? जातीचे नाव घेताना मात्र आमची जीभ अडखळते. ‘ख्रिस्तात जात नाही’ हे वचन तेव्हा श्रद्धेपेक्षा आडोशाचेच काम अधिक करते.

दहा ऑगस्टला काळा दिवस पाळण्याचे आवाहन होते. सुप्यासारख्या गावात काळी फीत लावणे म्हणजे शेजाऱ्याला जात सांगणे. त्याला ती ठाऊक असतेच. आमच्या तोंडून ऐकलेली नसते.